जिप्सीतून चित्रीकरण: हँडीकॅम घ्यावा की सुपरझूम?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. आता चित्रित करण्याजोगी उरली ती वाघाने, बिबट्याने किंवा रानकुत्र्यांच्या कळपाने केलेली शिकार. नागपूरकरांना त्यासाठी उमरेड-कऱ्हांडला, पेंचचे सिल्लारी प्रवेशद्वार आणि ताडोबा ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाइल नेता येत नसल्यामुळे कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र टळत नाही. बेताच्या खर्चात दोनच पर्याय खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात: सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हा हँडीकॅम आणि निकॉनचा कूलपिक्स पी९५० हा सुपरझूम, म्हणजे न बदलता येणाऱ्या एकाच लेन्सने फार दूरचे जवळ आणणारा कॅमेरा. दुसऱ्याला पहिल्याच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागतात, तेव्हा त्या जादा पैशांत नेमके काय मिळते, हे पाहिले पाहिजे.

कागदावर फरक मोठा दिसतो. हँडीकॅमचा झूम ३० पट, म्हणजे फुल-फ्रेमच्या, अर्थात मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरील लेन्सच्या हिशेबाने सुमारे ८०० मिमीपर्यंत; हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते. निकॉनचा ८३ पट, थेट २००० मिमीपर्यंत. पण सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत तिपाई लावायला जागा नसते, इंजिन सुरू असले की लोखंडी दांडा थरथरतो आणि शेजारचा माणूस वाघ दिसताच उभा राहतो. अशा वेळी ८०० मिमीच्या पुढचे चित्र हातात धरून स्थिर राहणे कठीणच. तांदळाने भरलेली छोटी कापडी पिशवी दांड्यावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला, तर थोडे पुढे जाता येते. त्यामुळे केवळ झूमच्या आकड्यासाठी निकॉन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही निकॉनची बाजू दोन ठिकाणी भक्कम ठरते. पहिले म्हणजे प्रकाश. हँडीकॅमचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १/५.८ इंची, तर निकॉनचा त्याहून मोठा, १/२.३ इंची. पहाटेच्या धूसर उजेडात, बांबूच्या सावलीत बसलेल्या वाघाचे पट्टे हँडीकॅममध्ये दाणेदार होऊन एकमेकांत मिसळतात. दुसरे म्हणजे डोळ्याला लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर, जो या हँडीकॅमला नाही. मे महिन्यात दुपारी चारच्या उन्हात हँडीकॅमचा उघडा पडदा जवळजवळ काळा दिसतो. मी एकदा कऱ्हांडल्याच्या पाणवठ्यावर टोपीची सावली धरून चित्रीकरण केले आणि घरी येऊन पाहतो तो चितळांचे फक्त पाय आले होते. शिवाय निकॉनमध्ये ४के, म्हणजे फुल एचडीहून अधिक बारकाव्याचे चित्रीकरण होते, त्यामुळे नंतर चौकट कापून घेता येते; हँडीकॅम फुल एचडीवरच थांबतो.

हँडीकॅमचे गुण मात्र वापरतानाच कळतात. तो पाव किलोही भरत नाही, तर निकॉन सुमारे एक किलोचा. साडेतीन-चार तासांच्या फेरीत हा फरक मनगटाला चांगलाच जाणवतो. हँडीकॅमचा झूम संथ, एकसारखा सरकतो, म्हणून चालत्या जनावराला चौकटीत धरून ठेवणे नवख्यालाही जमते. बाहेरून माइक जोडण्याची सोय त्यात नाही, निकॉनमध्ये ती आहे. पण गाडीतल्या कुजबुजीपुढे माइक तरी काय करणार!

गाडीला किंवा टोपीला लावण्याजोग्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याने धुळीचा रस्ता आणि गाडीतली मंडळी उत्तम टिपता येतात, पण चाळीस मीटरवरचा वाघ ठिपक्याएवढा दिसतो. लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्याचे चित्र हँडीकॅम आणि निकॉनपेक्षा सरस असते, मात्र दूरवर पोहोचणारी लेन्स घेताना बेत कोलमडतो.

वर्षातून एक-दोनदा, तेही घरच्या मुलाबाळांसह जाणाऱ्याने हँडीकॅम घ्यावा. पहाटेच्या फेऱ्या नेमाने करणाऱ्याने थोडे थांबून निकॉनसाठी पैसे साठवावेत. विकत घेण्यापूर्वी सीताबर्डीच्या दुकानातल्या दिव्यांखाली निर्णय करू नये. दुकानदाराला विनंती करून कॅमेरा भर दुपारी दारात आणावा, समोरच्या बाजूची एखादी पाटी पूर्ण झूम करून हातानेच अर्धा मिनिट चित्रित करावी आणि तिच्यावरची अक्षरे वाचता येतात का, ते तिथेच पाहावे.