स्टेपनी नसलेली सीएनजी गाडी : चिखलदऱ्याच्या घाटानंतरचा अनुभव

गुढीपाडव्याला घेतलेल्या सीएनजी गाडीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इंजिन, एअरबॅगा, टचस्क्रीन यांची माहिती सगळीकडे आहे, ती परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण मला ज्यावर बोलायचं आहे ते आता अनेक कंपन्या करतात. गाडीसोबत स्टेपनी देत नाहीत. श्रावणात घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला निघालो आणि धामणगाव गढीच्या पुढे घाटात अडकून पडलो, ते या एकाच कारणानं.

आधी चांगलं सांगतो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. काळी माती, त्यामुळे पावसाळ्यात शेताचा पांदण रस्ता बंदच असतो. गाडी धावते ती डांबरीवर, अकोला, अमरावती, मूर्तिजापूर आणि सासुरवाडी. किलोला २४-२५ किलोमीटर मिळतात. जुन्या पेट्रोल गाडीपेक्षा खर्च खूप खाली आला आणि त्यात मी समाधानी आहे. मे महिन्यात टाकी कमी भरते म्हणून तक्रार करणारे भेटतात, पण तो गाडीचा दोष नाही. पंपावर दाब तोच २०० बारच्या आसपास असतो, पण गॅस तापलेला असला की तेवढ्याच दाबाला वजनानं कमी मावतो. आम्ही उन्हाळ्यात पहाटे भरायचो, फरक दिसायचा. एसी ४५ अंशांत पुढच्यांना पुरतो, मागे बसणाऱ्यांना नाही. बाकी बसायला गाडी ऐसपैस आहे, आईचे गुडघे दुखत नाहीत.

आता घाटाचं. निंदण आटोपलं होतं, पोळ्याला अवकाश होता. आई, बायको, दोन पोरं आणि मी, अंजनगाव-परतवाड्यावरून निघालो. आईला भीमकुंड पाहायचं होतं. कीचकाला मारून भीमानं तिथं हात धुतले, ही कथा ती लहानपणापासून ऐकत आलेली. परतवाड्याच्या पुढे चढ लागला तशी गाडी पेट्रोलवर घेतली. सीएनजीवर पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना दम लागतो, पेट्रोलवर लागत नाही. धाकट्याला वळणांनी उलटी झाली, त्याच्यासाठी एकदा थांबलो. तिथवर सगळं ठीक होतं.

वरून एसटी आली. तिला जागा द्यायला गाडी डावीकडे घेतली. डांबराची कड तुटलेली होती आणि गवतात दगड दडलेला होता. आवाज काही मोठा झाला नाही. पण स्क्रीनवर पिवळा दिवा लागला, मागच्या डाव्या टायरची हवा ३३ वरून २६ वर, बघता बघता १९ वर. उतरून पाहिलं तर टायर बाजूनं फाटलेला, बोट आत जाईल एवढा.

डिकी उघडली. खाली गॅसची टाकी, आणि स्टेपनीच्या ऐवजी एक छोटी पेटी. त्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली. ही बाटली खिळ्याच्या छिद्रासाठी असते. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो, आत तारांचे पट्टे असतात, तिथलं साधारण ५-६ मिलीमीटरपर्यंतचं छिद्र ती बुजवते. बाजू पातळ असते आणि दर फेऱ्याला वाकते, तिथं ना बाटली चालत, ना पॅच टिकत. म्हणजे आमच्या हातात काहीही नव्हतं.

याहून संताप आणणारी गोष्ट पुढची. गाडीत जॅक नव्हता. पानाही नव्हता. स्टेपनी नाही तर जॅक कशाला, असा कंपनीचा हिशोब. परतवाड्याहून वर जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, म्हणाला, “भाऊ, जॅक काढा, पाच मिनिटांचं काम आहे.” मी म्हटलं, जॅक नाही. तो माझ्याकडे पाहतच राहिला. “नवी गाडी अन् जॅक नाही? अशी कशी गाडी देल्ली बाप्पा त्यायनं?” आई मागून म्हणाली, “चाकच नाही देल्लं त जॅक कुठून देतीन!”

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावायला वरच्या वळणापर्यंत चालत गेलो, कारण खाली नेटवर्क नव्हतं. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, “सर, किट वापरून पाहिलं का?” फाटलेल्या टायरचं वर्णन केलं. मग लोकेशन मागितलं. शेवटी उत्तर मिळालं की अमरावतीहून टोइंगची गाडी निघेल, तीन-चार तास लागतील आणि गाडी अमरावतीच्या वर्कशॉपला जाईल. गाडी जाईल हो, पण पावसात घाटात उभी असलेली म्हातारी आणि दोन पोरं कुठे जातील? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

त्या जीपवाल्यानं त्याचा जॅक लावला, चाक काढलं, गाडीखाली दगड रचून ती पक्की केली. खाली परतवाड्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये मला चाकासह बसवलं. आई आणि पोरांना तो पुढे चिखलदऱ्याला घेऊन गेला, मुक्कामाच्या ठिकाणी सोडलं. बायको गाडीजवळ थांबली, कारण सामान होतं. परतवाड्यात आमच्या मापाचा नवा टायर दोन दुकानांत मिळाला नाही. तिसऱ्यानं वापरलेला पण चांगल्या नक्षीचा टायर १८०० रुपयांत बसवून दिला, जॅक आणि पाना त्याच्याकडूनच परत करायच्या बोलीवर घेतला. परत येऊन चाक लावेपर्यंत अंधारायला आलं होतं. एवढा वेळ माझी बायको एकटी, धुक्यात, रस्त्याच्या कडेला. हे मी विसरणार नाही. तिथून पुढे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, हे कंपनीच्या माणसाला नकाशात दिसत नसेल तर त्यानं एकदा येऊन पाहावं. जीपवाल्यानं पैसे घेतले ते फक्त तिघांच्या भाड्याचे.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, आईला भीमकुंड दिसलं. गाविलगड धुक्यात होता, पोरांनी मक्याची कणसं खाल्ली. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी छान धरून राहते, ब्रेक तापले नाहीत, हेही नोंदवतो.

वर्कशॉपमध्ये भांडण झालं. मॅनेजर म्हणाले, टायरची कापाकापी वॉरंटीत येत नाही. ते मला मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा होता: स्टेपनी का नाही? ते म्हणाले, सरकारचीच परवानगी आहे. घरी येऊन वाचलं. रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२० मध्ये मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी सक्तीची राहिली नाही, ऑक्टोबर २०२० पासून. म्हणजे कंपनी कायद्यानं बरोबर आहे. पण नियम स्टेपनी देऊ नका असं म्हणत नाही, नाही दिली तरी चालेल म्हणतो. जिथे चौकाचौकात पंक्चरचं दुकान आहे तिथे ठीक. मेळघाटात आणि आमच्या खेड्यापाड्यांत ते चालत नाही.

इथवरचं ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं. नंतर दोन मतं बदलली, म्हणून पुढचं.

पहिलं टीपीएमएसबद्दल. विकत घेताना मला तो फुकटचा दिखावा वाटत होता, त्याऐवजी किंमत कमी करा असं मी शोरूममध्ये म्हटलं होतं. घाटात त्या दिव्यानंच वेळेत थांबवलं. आणखी थोडं गेलो असतो तर रिमही गेली असती. आता दर आठवड्याला मी आकडे पाहतो. सामान भरून जाताना दरवाज्यावरच्या स्टिकरवर जादा भाराचा दाब दिलेला असतो तेवढी हवा भरतो.

दुसरं किटबद्दल. कापूस घेऊन जिनिंगला गेलेल्या भावाला भेटायला गेलो, तिथल्या आवारात खिळा घुसला. खिळा होता तो टायरच्या मधल्या भागात. बाटली रिकामी केली, कॉम्प्रेसर लावला, इंजिन चालू ठेवलं, आणि गाडी हळूहळू मूर्तिजापूरपर्यंत आली. म्हणजे किट निरुपयोगी म्हणणं खरं नाही. कॉम्प्रेसर तर अतिशय कामाचा आहे, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलीही त्यावर भरून होतात.

पण खर्च ऐका. पंक्चरवाल्यानं टायर उघडला तर आत सगळा चिकटा. तो धुवायचे वेगळे पैसे घेतले. नवी बाटली १४०० रुपयांना सांगितली. शंभर-दीडशे रुपयांचं पंक्चर कितीला पडलं पाहा. बाटलीवर मुदतही छापलेली असते, वापरा की नका वापरू, ती फेकावीच लागते. मी नवी घेतली नाही. सळई आणि रबरी पट्ट्यांचा साधा संच घेतला, तो शिकायला सोपा आहे.

आणि स्टेपनी घेतली. अमरावतीत जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच मापाची लोखंडी रिम, वर परतवाड्याचा तो १८०० चा टायर चढवला, गाडीला नवा टायर टाकला. जॅक, पाना धरून रिमसकट ४३०० रुपये लागले, नव्या टायरचे वेगळे. रिम घेताना बोल्टांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर जुळवून घ्या, नुसता इंचाचा आकार पुरत नाही. चाक डिकीत पट्ट्यानं बांधून ठेवतो, सुटं ठेवलं तर जोरात ब्रेक मारल्यावर ते पुढे येऊ शकतं. अर्धी डिकी गेली. दोन बॅगा आता पोरांच्या पायाशी असतात. तरी आई ते चाक पाहूनच गाडीत बसते.

कंपनीला मेल केली आहे: स्टेपनी देत नसाल तर निदान जॅक आणि पाना द्या, आणि ग्रामीण ग्राहकाला पैसे भरून स्टेपनीचा पर्याय बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली, एवढं उत्तर आलं. मी दर महिन्याला आठवण करणार आहे.

ही किंवा अशी गाडी बुक करणार असाल तर टोकन द्यायच्या आधी शोरूममधल्या माणसाला डिकीची चटई उचलायला लावा.