झेडरॅम, झेडस्वॅप की साधा स्वॅप: जुन्या मशीनवर काय चालू करायचं?

सांगलीत अभ्यासिका म्हणा, हिशेबाची छोटी ऑफिसं म्हणा, सगळीकडे अजून 4 आणि 8 जीबीची मशीन रेटून चालू आहेत, बऱ्याच जणांनी त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय आणि ते बरंच केलंय. रॅम वाढवता येत असेल तर आधी वाढवा, त्याला तोड नाही. पण स्लॉट एकच, तोही भरलेला, असं असेल तर पुढचं वाचा.

रॅम भरत आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बराच वेळ कुणी हात न लावलेली पेजेस, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, शोधून बाहेर काढतं, एकेक पेज साधारण 4 केबीचं. ती ठेवायच्या जागेला स्वॅप म्हणतात, आणि ती जागा कुठं करायची, एवढाच आपला निर्णय. रॅममधून वाचायला अंदाजे 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून 100 मायक्रोसेकंदाच्या आसपास म्हणजे हजारपट, आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून 10 मिलिसेकंद म्हणजे थेट लाखपट. पोरगं एमपीएससीचा फॉर्म भरतंय, दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन परत आलं की डिस्कचा लाल दिवा पेटून राहतो, माउसचा बाण जागचा हलत नाही आणि तोवर ओटीपीची मुदत संपते, ते या लाखपटीमुळंच. म्हणून नुसत्या हार्ड डिस्कवरचा साधा स्वॅप मी कुणालाच सुचवत नाही.

आता झेडरॅम. हा रॅममध्येच एक स्वॅप तयार करतो आणि त्यात पेजेस दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवतो, साधारण दोन-तीन पट दाबली जातात, डिस्कचा संबंधच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये हेच असतं, क्रोमबुकमध्येही, फेडोरा या लिनक्सनं 2020 मध्ये 33 व्या आवृत्तीपासून हेच डीफॉल्ट केलं. पेज परत काढायला लागतात ते मायक्रोसेकंद, त्यामुळं हार्ड डिस्कवाल्या 4 जीबी मशीनचा जीव खरंच भांड्यात पडतो. पण ह्याची दुसरी बाजू कुणी नीट सांगत नाही. व्हिडिओ, फोटो असला आधीच दाबलेला डेटा आला की तो आणखी दाबला जात नाही, अख्खी जागा खातो. आणि झेडरॅम भरला, खाली डिस्कवर दुसरा स्वॅप असला, तर सकाळपासून पडून असलेली थंड पेजेस आत रॅममध्येच बसून राहतात आणि आत्ता बाहेर निघालेली, म्हणजे लवकर परत लागू शकतील अशी पेजेस डिस्कवर जातात. दुकानात जुना पडीक माल आणि रोज खपणारी हळद हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात, असा उलटा कारभार होतो. हे मला फार खटकतं, कारण सगळ्या खटाटोपाचा हेतूच थंड पेज खाली पाठवायचा होता.

झेडस्वॅप इथंच सरस ठरतो. तो स्वतः स्वॅप नाही, डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढं बसतो. पेज आधी रॅममध्ये दाबून ठेवतो, त्याचा वाटा डीफॉल्टनं रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत, आणि तो भरला की सगळ्यात जुनी पेजेस काढून डिस्कवर लिहितो. म्हणजे कोमट पेज रॅममध्ये, थंड पेज डिस्कवर, क्रम बरोबर. फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं आपल्या सर्व्हरवर दाबलेली मेमरी आणि एसएसडी अशाच पायऱ्या वापरून 20 ते 32 टक्के मेमरी वाचवल्याचं 2022 च्या पेपरमध्ये लिहिलंय.

मग कुणी काय घ्यायचं? एसएसडी असेल तर माझं मत सरळ झेडस्वॅप, 8 जीबी असो की 4. हार्ड डिस्कच असेल तर झेडरॅम, आणि खाली डिस्कचा स्वॅप ठेवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. एक अपवाद मात्र आहे, लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत लॅपटॉप हायबरनेट करायची, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून बंद करायची सवय असेल तर झेडरॅम एकटा चालणार नाही, हायबरनेटला डिस्कवर खरी जागा लागते. दोन्ही एकदम तर अजिबात चालू करू नका, झेडरॅम घेतला तर झेडस्वॅप बंद आहे का ते आधी बघा, काही डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या काही प्रकारांत, झेडस्वॅप आपोआप चालू असतो आणि मग तेच पेज दोनदा दाबायचा उद्योग होतो.

कर्नलनं पेजेस किती जोरात स्वॅपमध्ये काढायची ते ठरवणारा आकडा म्हणजे स्वॅपिनेस, तो डीफॉल्टनं 60 असतो, तो फिरणाऱ्या डिस्कच्या हिशेबानं ठीक होता. कर्नल 5.8 पासून तो 200 पर्यंत नेता येतो, झेडरॅमवर 100 च्या वर ठेवून बघायला हरकत नाही.

आणि लावून झाल्यावर अंदाजावर राहू नका. प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर, त्यात मेमरी नावाची फाइल (/proc/pressure/memory) असते, कर्नल 4.20 पासून आहे. त्यातली full ने सुरू होणारी ओळ बघा, तिच्यातला ॲव्हरेज टेन (avg10) म्हणजे मागच्या 10 सेकंदांत किती टक्के वेळ सगळी कामं मेमरीसाठी अडून होती. नेहमीच्या कामात तो आकडा शून्याजवळ असेल तर झालं काम. सतत वर राहत असेल तर तुमच्याकडं थंड पेजेस उरलेलीच नाहीत, सगळीच लागतायत, आणि तिथं झेडरॅम काय नि झेडस्वॅप काय, टॅब कमी करा नाहीतर मशीन बदला.