ओ-नेटची आवड-चाचणी: रेझ्युमेत न लिहिता वापरायची

नऊ वर्षं बिलं तपासली आणि रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत काय, तर 'मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची तयारी'. असला कागद माझ्याच टेबलावर आला असता, तर मीच बाजूला ठेवला असता.

आधी एका फुकटच्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या नादी लागले. चार अक्षरांचा शिक्का मिळाला. तीन आठवड्यांनी पुन्हा दिली, तर पहिलं अक्षरच बदललेलं. (पहिल्यांदा दिली तो रविवार होता, दुसऱ्यांदा महिनाअखेर.) ती चार अक्षरं नावाखाली टाकावीत असं मनात होतं. भरतीचं काम करणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, राशी लिहितेस का? मग हे तरी कशाला?" ही चार अक्षरं जिच्यावरून आली, त्या मायर्स-ब्रिग्ज या मूळ चाचणीमागची मंडळीही उमेदवार निवडायला ती वापरू नका असंच सांगतात, हे मला नंतर कळलं.

मग ओ-नेट या अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नोकऱ्यांच्या माहितीसाठ्यातली 'इंटरेस्ट प्रोफायलर' ही आवड-चाचणी दिली. ही मात्र आवडली. फुकट आहे, प्रश्न 60. तुम्ही कसे आहात हे ती विचारतच नाही. अमुक काम करायला आवडेल का, एवढंच विचारते. फरशी बसवायला? नवं औषध तयार करायला? नोंदींमधल्या चुका तपासायला? 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत पाच पर्याय. त्या कामाचं शिक्षण आहे का, पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका, असं सुरुवातीलाच बजावलेलं असतं. मला ते जमायला दहाएक प्रश्न जावे लागले.

मागचा विचार जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाचा, 1959 सालचा. कामाच्या आवडीचे सहा गट, प्रत्येक गटाला 40 पैकी गुण. हिशोब, नोंदी, शिस्त या गटात मला 33 मिळाले, त्यात नवल नाही. पण माणसांना शिकवणं, मदत करणं या गटात 31! आणि रेझ्युमेत माणूस नावालाही नव्हता.

तो आकडा रेझ्युमेत लिहायचा नसतो. मी जुन्या मेल उघडून बसले आणि एकच शोधलं: कुणाला काही शिकवलंय का? सापडलं. नवीन आलेल्या चौघांना बिलं तपासायला मीच शिकवलं होतं, त्यांच्यासाठी दोन पानी टिपणही केलं होतं, आणि ते टिपण ऑफिसात अजून फिरतंय. 'मासिक बिलांची तपासणी' ही माझी जुनी ओळ. तिच्या वर आता आलं: '4 नव्या सहकाऱ्यांना बिल-तपासणी शिकवली, त्यासाठी केलेलं टिपण विभागात आजही वापरात.' मैत्रीण म्हणाली, "हे इतकी वर्षं लपवून ठेवलंस होय?" लपवलं कसलं, ते काम आहे असंच कधी वाटलं नव्हतं.

निकालासोबत जुळणाऱ्या नोकऱ्यांची यादी येते आणि प्रत्येक नोकरीत रोज काय करावं लागतं तेही वाचता येतं. 'समन्वय' असं मोघम लिहायच्या जागी नेमकं क्रियापद मिळालं. मात्र ती वर्णनं अमेरिकेतल्या नोकऱ्यांची आहेत, म्हणून हातातल्या जाहिरातीशी ताडून पाहिली. जे केलंच नाही ते उचललं नाही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं.

मर्यादा एकच, पण मोठी. ही आवड मोजते, येतं की नाही ते नाही. 'वाद्य वाजवणे' याला मी 'खूप आवडेल' दिलं. मला साधा ताल धरता येत नाही. कलेच्या गटातले माझे गुण बघून कुणी भुलू नये.

'मेहनती, प्रामाणिक' ती ओळ काढली. तिच्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. सध्या नाव, फोन नंबर, आणि खाली थेट काम.