एकाकडे ताबा की संयुक्त ताबा?

संमतीने घटस्फोट घेताना मुलांविषयीचा मसुदा ठरवायचा, तेव्हा ताबा एकाकडे ठेवून दुसऱ्याला ठरावीक भेटी द्याव्यात की ताबा संयुक्त ठेवावा, हा प्रश्न सर्वांत जड वाटतो. आम्ही सव्वा वर्ष पहिली व्यवस्था पाळली आणि त्यानंतर दुसरी स्वीकारली.

पहिलीची बाजू दुबळी नाही. मुलाचे घर, अभ्यासाची जागा आणि झोपेची वेळ एकच राहते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसारही पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असतो. ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांचे पालकत्व संपत नाही, हे मात्र वकिलाकडून नीट समजून घ्यावे. मला ते उशिरा उमगले.

आमच्या अटींत मुलीची भेट दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, अशी होती. एका दुसऱ्या शनिवारी तिला ताप आला. तिला घराबाहेर न काढण्याचा तिच्या आईचा निर्णय योग्यच होता, परंतु बुडालेली भेट पुढे कधी भरून द्यायची याविषयी अटींत एक शब्दही नव्हता, आणि चौथ्या शनिवारी शाळेचे स्नेहसंमेलन आल्यामुळे तीही भेट हुकली. जवळजवळ सहा आठवड्यांनी ती भेटली तेव्हा तिने माझ्या घरात पाणी मागितले. एरवी ती स्वतः घेत असे. त्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला.

मुलांच्या ताब्याचा आदेश परिस्थितीनुसार बदलता येतो, म्हणून आम्ही दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात अर्ज केला. संयुक्त ताब्यात पुस्तके नेमकी दुसऱ्या घरी राहतात, आणि दोन्ही घरे शाळेपासून जवळ असावी लागतात. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती, तरी तो आपोआप मिळत नाही. मुलाचे हित पाहूनच न्यायालय ठरवते. तरीही आता ताप आला तर ती ज्या घरी असेल तिथे तिची शुश्रूषा होते, आणि कोणाचा दिवस बुडाला याचा हिशेब उरत नाही.

पालकांची शहरे वेगळी असतील, किंवा घरात मारहाणीचा इतिहास असेल, तर माझा अनुभव बाजूला ठेवावा. तिथे पहिली व्यवस्थाच बहुधा योग्य ठरेल. ती निवडल्यास बुडालेली भेट लगतच्या शनिवारी भरून मिळेल, हे वाक्य अटींत अवश्य लिहून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच ते दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असे म्हटले आहे. त्या आधारे व्हिडिओ कॉलची वेळही त्याच परिच्छेदात घालून घ्यावी.