दहा महिने, एक रिटर्न पंप आणि चार मिलिमीटरचं भोक

माझ्या माशांच्या टाकीच्या रिटर्न पंपाबद्दल, म्हणजे खाली उतरलेलं पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाबद्दल, माझी तक्रार जवळपास नाहीच. दहा महिन्यांत जे काही बिघडलं ते पंपाच्या तोंडापासून टाकीच्या काठापर्यंतच्या साडेचार फुटांत बिघडलं, आणि ते नळकाम मी स्वतः केलं होतं. त्यामुळे हा अनुभव पंपाचा कमी, पाइपांचा जास्त.

टाकी चार फुटी, दीड बाय दीड, म्हणजे साधारण २५५ लिटर. आत बोसेमानी रेनबो माशांचा थवा. खाली कॅबिनेटमध्ये ३० बाय १२ बाय १५ इंचांचा संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. (घरात 'संप चालू आहे' म्हटलं की बाबा अजूनही विचारतात, "मागण्या काय आहेत?") टाकीचं पाणी कोपऱ्यातल्या कंगव्यावरून (दातेरी पट्टीवरून) खाली उतरतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून फिरतं, शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. पंप २४ व्होल्टचा डीसी. खोक्यावर लिहिलंय ३००० लिटर तासाला, हेड (पाणी चढवायची कमाल उंची) ३ मीटर. नवख्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. पाणी अजिबात चढवायचं नसेल तर ३०००; तीन मीटर चढवायला गेलात तर तिथे धार शून्य.

मी दुकानातून पाऊण इंची सीपीव्हीसी (घरातल्या नळकामाचा प्लॅस्टिक पाइप) आणली, कारण बाथरूमच्या कामातली उरलेली सोल्युशनची (पाइप चिकटवायच्या गोंदाची) डबी घरात होती. पाच एल्बो, वर एक एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), सगळं चिकटवून टाकलं. मग वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मोजलं: ५२ सेकंद. म्हणजे तासाला १४०० लिटरसुद्धा नाही. पंप फसवा निघाला म्हणून दुकानदाराला फोन करायच्या बेतात होतो. बरं झालं केला नाही.

फ्लो गेला होता पाइपात. सीपीव्हीसीचा पाऊण इंच आतून जेमतेम १८ मिलिमीटर भरतो. एक इंची यूपीव्हीसी, शेड्यूल ४० जाडीची, आतून साडेसव्वीसच्या आसपास. क्षेत्रफळ धराल तर दुप्पट. पंपाचं तोंड पाऊण इंची आहे म्हणून पुढचा पाइपही पाऊणच हवा असं काही नाही. तोंडाशीच मोठं करून घ्यायचं.

पण हे शहाणपण मला मार्चमधल्या एका गुरुवारी आलं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. मी ऑफिसात, आणि आईचा फोन: "तुझ्या माशांचं पाणी हॉलमध्ये आलंय, गालिचा उचलू का?"

झालं असं. रिटर्न पाइपचं टाकीतलं तोंड मी पाण्याखाली तीन इंच ठेवलं होतं, वरून खळखळ नको म्हणून. पंप थांबला की तोच पाइप सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं खेचतो. माझ्या टाकीचा एक इंच म्हणजे १४ लिटर, तीन इंच म्हणजे ४२. संप नऊ इंचांवर चालत होता, वर रिकामी जागा ३५ लिटरची. उरलेलं सातेक लिटर फरशीवर. एनआरव्ही होता ना? होता. आडवा कापून पाहिला तर झडपेत बोटाच्या पेराएवढी शंखाची गोगलगाय अडकलेली.

तेव्हा एनआरव्हीवर विसंबणं सोडलं. आता तोंड पाण्याखाली पाऊण इंचच आहे, आणि पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली चार मिलिमीटरचं भोक पाडलंय. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी पाण्यातच सुटते. वीज गेली की पातळी अर्धा इंच उतरते, भोकातून हवा शिरते, सायफन तुटतो. दर महिन्याला शेवाळ धरतं, म्हणून टूथपिक फिरवायची. उलट बाजूचाही हिशेब करून ठेवला: उतरणीचा पाइप तुंबलाच तर शेवटच्या कप्प्यातलं १७-१८ लिटर पाणी वर जाणार, म्हणजे टाकी सव्वा इंचाने चढणार. काचेला वर दीड इंच मोकळा आहे. पुरतं.

दुसऱ्या खेपेला एक इंची पाइप, दोनच वळणं (तीही काटकोनाऐवजी ४५ अंशांचे एल्बो जोडून), एनआरव्ही नाही. तीच बादली: ३६ सेकंद. तासाला २००० लिटर, त्याच पंपावर. पहिल्या वेळी युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) न लावल्याने पंप काढायला हॅकसॉ चालवावी लागली होती. आता पंपाच्या लगेच वर एक युनियन आहे आणि साफसफाई दहा मिनिटांत होते. धार कमी करायची तर कंट्रोलरवरून करतो, व्हॉल्व्ह आवळून नाही.

हार्डवेअरवाला फिटिंगला आग्रहाने ब्रासवालं देत होता, "मजबूत राहतं साहेब." संपात माझे चेरी झिंगे आहेत, आणि पितळेतल्या तांब्याशी त्यांचं जमत नाही. साधं प्लॅस्टिकचंच घेतलं.

आवाजाचं सांगायचं तर पहिले चार महिने आई म्हणायची, फ्रिज दोन झालेत. कडक पाइप थेट पंपाला जोडला की थरथर प्लायवूडमध्ये उतरते आणि अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. पंप आणि पाइपच्या मध्ये सहा इंच ब्रेडेड (लवचीक) नळी घातली, पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवला. आता कान लावावा लागतो.

मे महिन्यात अचानक टाकीत सोडा बाटली फुटल्यासारखे बारीक बुडबुडे. उडालेलं पाणी फक्त शेवटच्या कप्प्यातून कमी होतं, आणि माझा कप्पा १० बाय १२ चा, एक लिटर उडालं की अर्धा इंच खाली. पंख्याखाली रोज तीनेक लिटर जात होतं. पंप हवा ओढायला लागला. सकाळच्या चहाआधी तांब्याने भर घालणं आता बाबांकडे आहे.

पंपाला दोष द्यायचा तर एकच: बोअरच्या जड पाण्याने इम्पेलरवर (पंपाच्या आतल्या फिरत्या पात्यावर) पांढरा थर बसतो आणि सहाव्या महिन्यात तो सुरू होताना अडखळला. तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासला, पूर्ववत. वीज २५ वॉटच्या हिशेबाने महिन्याला १८ युनिट.

युनियनच्या खालच्या आट्यातून मात्र अजून थेंब येतो. टेफ्लॉन तीनदा बदलली. दिवसाला दोन-तीन थेंब, सुकून पांढरी कड धरते. खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय.