कोपलंड यांचा सीडी-संच: काही महिन्यांच्या ऐकण्यानंतरचा अनुभव

अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड यांनी स्वतः संचालन केलेल्या त्यांच्याच रचनांचा सीडी-संच मी काही महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवला. संचात किती सीडी आहेत, कोणकोणते वाद्यवृंद आहेत, ही माहिती विक्रीच्या पानावर सर्वांनाच मिळते, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. हा अनुभव आत्ता लिहायला बसण्याचे कारण असे, की ज्या एका सीडीसाठी मी हा खर्च केला होता नेमकी तीच बिघडली आणि ती बदलून मिळवण्यासाठी विक्रेत्याशी बरेच दिवस भांडावे लागले. आयात केलेला माल, त्यावरचे कर आणि टपालखर्च धरून मोजलेली रक्कम माझ्या दृष्टीने मोठी होती, त्यामुळे झालेला मनस्तापही तेवढाच मोठा आहे.

ती सीडी म्हणजे ‘ॲपलॅचियन स्प्रिंग’चे तेरा वादकांसाठी लिहिलेले रूप. बहुतेक श्रोत्यांना ही रचना पूर्ण वाद्यवृंदाच्या रूपात माहीत असते. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या धनवान संगीतप्रेमी बाईंनी नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी ती कोपलंड यांच्याकडून लिहून घेतली, मानधन ५०० डॉलर ठरले, आणि ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील कूलिज सभागृहात पहिला प्रयोग झाला. तिथे रंगमंचापुढे वादकांना बसायला जागाच थोडी, म्हणून बासरी, क्लॅरिनेट, बॅसून, पियानो, चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो आणि एक डबल बेस एवढ्यांत सारे बसवावे लागले. पुढच्याच वर्षी वाद्यवृंदासाठी संक्षिप्त रूप तयार झाले, रचनेला १९४५चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तेरा वादकांचे रूप मागे पडले. कोपलंड यांनी ते स्वतः ध्वनिमुद्रित केले तेव्हा १९७०चे दशक उजाडले होते.

या दोन रूपांतला फरक ऐकल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला क्लॅरिनेटचे मोजके स्वर येतात, त्यांच्यावर एकेक वाद्य आपला स्वर ठेवत जाते आणि हळूहळू ‘ए’ व ‘ई’ या दोन मेजर स्वरसंघांचा एकत्र नाद तयार होतो. मोठ्या वाद्यवृंदात हा नाद धुक्यासारखा पसरतो. तेरा वादकांत मात्र प्रत्येक स्वर कोणी ठेवला आणि कधी काढून घेतला हे स्पष्ट कळते. पुढे नृत्याचा वेग वाढतो तेव्हा पियानो कोरड्या, ठाशीव आघातांनी सगळ्या लयीचा भार उचलतो. वाद्यवृंदाच्या रूपात हेच काम इतक्या वाद्यांत वाटले गेले आहे, की त्यातली ताकद विरळ झाल्यासारखी वाटते. माझे स्पष्ट मत असे, की मूळ रूपच श्रेष्ठ आहे, आणि संच घेणाऱ्याने ते सर्वांत आधी ऐकावे.

आता तक्रार. या संचातली प्रत्येक सीडी जुन्या एलपीच्या मुखपृष्ठाची लहान प्रतिकृती असलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात येते. पाकीट दिसायला देखणे आहे, पण आतून त्याला कसलेही अस्तर नाही, आणि ते इतके घट्ट आहे की सीडी चिमटीत धरून ओढल्याशिवाय बाहेर येत नाही. ओढताना सीडीची चकचकीत बाजू, म्हणजे जिथे लेसर वाचतो तीच बाजू, पुठ्ठ्याच्या कडेवर घासते. नेहमी ऐकल्या जाणाऱ्या सीडीवर काही आठवड्यांतच बारीक रेघा दिसू लागल्या, आणि एक दिवस ‘ॲपलॅचियन स्प्रिंग’ नेमके त्या जागी अडखळले जिथे क्लॅरिनेट ‘सिंपल गिफ्ट्स’ची धून पहिल्यांदा वाजवते. जोसेफ ब्रॅकेट या शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाने १८४८ मध्ये रचलेली ही साधी धून, आणि कोपलंड यांनी तिच्यावर उभारलेल्या चढत्या रूपांतरांची मालिका, हा या रचनेचा गाभा आहे. त्या गाभ्यात दर वेळी तीन-चार स्वर गळून पडत होते आणि मग प्लेअर पुढच्या भागावर उडी मारत होता.

माझा राग या पाकिटावर आहे आणि तो गेलेला नाही. ज्या निर्मात्याने जुनी ध्वनिमुद्रणे इतक्या काळजीने स्वच्छ करून घेतली, त्याने प्रत्येक सीडीसाठी प्लास्टिकचे एक पातळ आतले पाकीट घालण्याचा खर्च वाचवावा, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

विक्रेत्याने आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो माझ्याजवळ होता, कारण महागडी वस्तू उघडताना मी नेहमी चित्रीकरण करतो. मग सांगण्यात आले की परत करण्याची मुदत उलटून गेली आहे. एवढा मोठा संच कोणीही मुदतीत पूर्ण ऐकू शकणार नाही, हे मी लेखी कळवले. त्यावर संपूर्ण संच परत करा, एक सीडी बदलता येत नाही, असे उत्तर आले आणि सोबत पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवण्यात आले, जे मला नको होते. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यानंतर विक्रेत्याची भाषा बदलली आणि बदली सीडी आली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी हा क्रमांक जरूर वापरावा आणि सगळा पत्रव्यवहार लेखीच ठेवावा.

बदली सीडीने एक अनपेक्षित आनंदही दिला. मूळ सीडी अडखळू लागल्यापासून मी तिचा पुढचा भाग ऐकलाच नव्हता, आणि त्यात याच ध्वनिमुद्रणाच्या तालमीचा भाग आहे. सत्तरी ओलांडलेले कोपलंड वादकांशी बोलत आहेत, मध्येच थांबवत आहेत, एखादी ओळ पुन्हा वाजवून घेत आहेत, आणि पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीपासून सावध करत आहेत: स्वर भावविवश होऊ देऊ नका. आवाज साधा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या वळणाचा, आणि पूर्ण सभ्य. या काही मिनिटांनी मला त्यांच्या संगीताविषयी जेवढे शिकवले तेवढे संचासोबतच्या त्रोटक पुस्तिकेने शिकवले नाही.

या टप्प्यावर संचाविषयीचे माझे मतही बदलले. पहिल्या महिन्यात मी ‘बिली द किड’, ‘रोडिओ’, ‘लिंकन पोर्ट्रेट’ हीच नावे फिरवून ऐकत होतो आणि बाकीचे पैसे वाया गेले असे समजत होतो. तालीम ऐकल्यावर मी बाजूला ठेवलेल्या रचनांकडे वळलो, आणि आज सर्वांत जास्त ऐकतो ती ‘शॉर्ट सिंफनी’. जेमतेम पंधरा मिनिटांची ही रचना १९३३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातली सतत बदलणारी मात्रांची गणिते इतकी अवघड होती, की सर्ज कुसेवित्स्की आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की या दोन मातब्बर संचालकांनी तेव्हा ती वाजवण्याचे टाळले. पहिला प्रयोग १९३४ मध्ये कार्लोस चावेझ यांनी मेक्सिको सिटीत केला. वाद्यवृंद ती वाजवत नाहीत हे पाहून कोपलंड यांनी १९३७ मध्ये तिचेच षट्क, म्हणजे सहा वादकांसाठीचे रूप केले: क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्ये. लिहिलेले टाकून द्यायचे नाही, त्याला वाजवता येईल असे अंग द्यायचे, ही वृत्ती माझ्या मनाला फार जवळची आहे.

ती त्यांच्या घरातूनच आली असावी असे मला वाटते. १४ नोव्हेंबर १९०० रोजी जन्मलेले कोपलंड हे लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले पाचवे आणि शेवटचे अपत्य. आईवडिलांचे ब्रुकलिनमध्ये कापडचोपड आणि किरकोळ मालाचे मोठे दुकान, वर राहण्याची जागा, आणि मुलांनीही दुकानात हात लावायचा अशी रीत. पियानोचे पहिले धडे थोरल्या बहिणीने, लॉरिन हिने दिले. १९२१ मध्ये ते फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या उन्हाळी शाळेत गेले, तिथे संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांची गाठ पडली, आणि पॅरिसमधला मुक्काम तीन वर्षांवर गेला. परतल्यावर लिहिलेल्या ऑर्गन सिंफनीचा पहिला प्रयोग जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला झाला, ऑर्गनवर स्वतः बुलांजे होत्या. तेविसाव्या वर्षी असे लिहिणारा तरुण पाच वर्षांत खून करायलाही तयार होईल, असे संचालक वॉल्टर डॅमरॉश त्या वेळी श्रोत्यांना म्हणाले.

पुढची कारकीर्द सर्वांना माहीत आहे, पण संच सलग ऐकताना एक गोष्ट नजरेत भरते. ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संचालक युजीन गूसेन्स यांच्या सांगण्यावरून सिनसिनाटीच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, केवळ पितळी वाद्ये आणि तालवाद्ये यांची छोटी रचना. तिचा पहिला प्रयोग १२ मार्च १९४३ रोजी, अमेरिकेत आयकर भरण्याच्या दिवसांत झाला. तीच १९४६च्या तिसऱ्या सिंफनीच्या शेवटच्या भागाचा पाया होते. जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्यासाठी लिहिलेल्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोत, म्हणजे क्लॅरिनेट मुख्य असलेल्या रचनेत, सोबतीला फक्त तंतुवाद्ये, हार्प आणि पियानो आहेत; जॅझच्या रंगाची रचना, पण ट्रम्पेट नाही, ड्रमही नाही. संचात गुडमन स्वतः वाजवत आहेत आणि संचालन कोपलंड यांचे आहे. पहिल्या संथ भागासाठी ही सीडी पुन्हा पुन्हा ऐकावी.

‘लिंकन पोर्ट्रेट’ मी आता वेगळ्या कानाने ऐकतो. १९४२ची ही रचना, लिंकन यांचे शब्द निवेदकाने बोलायचे, संचातल्या ध्वनिमुद्रणात निवेदक अभिनेते हेन्री फोंडा. जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या मैफलीत ती वाजणार होती. इलिनॉय राज्यातून अमेरिकी संसदेत निवडून आलेले फ्रेड बझबी यांनी कोपलंड यांच्या डाव्या विचारांच्या संस्थांशी असलेल्या संबंधांवरून आक्षेप घेतला आणि ती कार्यक्रमातून काढण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात कम्युनिस्टांच्या शोधासाठी गाजलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या समितीने कोपलंड यांना बंद दाराआड चौकशीला बोलावले. लिंकनच्या शब्दांना राष्ट्राच्या समारंभात जागा मिळू नये, याचा मला खरोखर संताप येतो. १९६४ मध्ये त्याच देशाने त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक दिले, पण तेवढ्याने ती गोष्ट पुसली जात नाही. निदान पुस्तिकेने तरी हे सविस्तर सांगायला हवे होते. तिथे यासाठी जागा मिळालेली नाही.

१९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मॉनिक सभागृहाच्या उद्घाटनाला संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सादर केलेले कोपलंड यांचे ‘कनोटेशन्स’ मी वेगळे मिळवून ऐकले. सप्तकातल्या बाराही स्वरांना समान मानणाऱ्या पद्धतीचे, कर्कश, न झुकणारे संगीत. ‘शॉर्ट सिंफनी’ कानात मुरल्यावर ते परके वाटत नाही. मात्रांचा तोच काटेकोरपणा, अनावश्यक स्वर न ठेवण्याचा तोच हट्ट. १९७०च्या दशकात त्यांचे रचना करणे जवळजवळ थांबले. कोणीतरी नळ बंद करावा तसे झाले, असे ते म्हणाले होते. संचालनाकडे तर ते १९६०च्या दशकापासूनच अधिकाधिक वळले होते. २ डिसेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर साधेपणाने राहून जमवलेल्या संपत्तीतून आज त्यांच्या नावाचा निधी समकालीन अमेरिकन संगीताला मदत करतो.

संच घ्यावा का, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर होकारार्थी आहे. महिन्याच्या वर्गणीवर ऐकणे स्वस्त पडते हे मलाही मान्य आहे, पण तिथे ‘ॲपलॅचियन स्प्रिंग’ शोधले की तेरा वादकांचे रूप कोणते, वाद्यवृंदाचे कोणते, संपूर्ण नृत्य कोणते आणि संक्षिप्त कोणते, हे नोंदींवरून कळत नाही आणि प्रत्येक वेळी वाजवून पाहावे लागते. घेणार असाल तर पार्सल उघडताना चित्रीकरण करा आणि परतीची मुदत संपण्याआधी प्रत्येक सीडी निदान सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून पाहा. त्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून मऊ आतली पाकिटे आणून सगळ्या सीडी त्यांत हलवा आणि पुठ्ठ्याची पाकिटे नुसती पाहण्यासाठी ठेवा. मी आता तसेच केले आहे, आणि बदली सीडीवर अजून एकही रेघ आलेली नाही.