मध्यरात्रीचं विमान: लाउंजच्या रांगेत उभं राहायचं की गेटजवळ डबा उघडायचा?

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. पुण्या-नाशिकहून येणारे घाटातल्या आणि महामार्गावरच्या कोंडीच्या भीतीने दुपारीच घर सोडतात आणि अडीचच्या विमानासाठी रात्री आठलाच टर्मिनल 2 गाठतात. मग हातात सहा तास आहेत असं वाटतं आणि पाकिटातलं क्रेडिट कार्ड आठवतं: लाउंजमध्ये निवांत बसू, जेवू, पडू.

माझं मत आधीच सांगते. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हातारी माणसं सोबत असतील तर मुंबईत लाउंजच्या वाटेला जाऊ नका. कार्डावर मिळणारी लाउंजची फुकट भेट विमान बदलायच्या मधल्या विमानतळासाठी राखून ठेवा.

मुळात ते सहा तास आपले नसतातच. लाउंज इमिग्रेशन आणि सिक्युरिटीच्या पलीकडे असतं, आणि तिथवर पोचायला आधी बोर्डिंग पास हवा. चेक-इनचा काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतो. म्हणजे अडीचच्या विमानासाठी साडेदहा. बॅगा देऊन, इमिग्रेशन आणि सिक्युरिटी उरकून बारा वाजले तर नशीब चांगलं म्हणायचं. बोर्डिंग दीडच्या सुमारास सुरू होतं. लांबच्या गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं धरा. उरला सव्वा तास, आणि नेमक्या त्याच सव्वा तासात युरोपला आणि आखाताला जाणारे शेकडो प्रवासी लाउंजच्या दाराशी येतात.

मागच्या डिसेंबरात आईला घेऊन मी त्या रांगेत अर्धा तास उभी होते. आत गेल्यावर शेजारी-शेजारी दोन खुर्च्या मिळाल्या नाहीत. आई एका अनोळखी कुटुंबाच्या टेबलाच्या कडेला बसली आणि मी ताट घेऊन भाताचं भांडं पुन्हा भरायची वाट बघत राहिले. चार्जिंगच्या जागा भरलेल्या, स्वच्छतागृहापुढे पुन्हा रांग. पाऊण तासात आम्ही बाहेर पडलो. आईचे पाय सुजले होते. त्या अर्ध्या तासाचं मला अजून वाईट वाटतं, कारण गेटजवळ ओळीने रिकाम्या खुर्च्या होत्या आणि तिथे ती पाय लांब करून बसू शकली असती.

व्हीलचेअर घेतली असेल तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. मदतनीस तुम्हाला इमिग्रेशन आणि सिक्युरिटीतून पार नेतो आणि थेट गेटपाशी सोडतो. मध्ये लाउंजला थांबलात तर तो पुढच्या प्रवाशाकडे जातो आणि निघायच्या वेळी त्याला पुन्हा बोलवावं लागतं. बहुतेक लाउंजमध्ये विमानांची घोषणाही होत नाही, त्यामुळे घड्याळाकडे आपणच डोळे लावून बसायचं. गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. गेटसमोर बसलेल्या माणसाला ही धास्ती नसते.

जेवणाचं म्हणाल तर लाउंजमध्ये गरम आणि हवं तेवढं मिळतं, हे खरं. पण लांबच्या विमानात उड्डाणानंतर तास-दीड तासात ट्रे समोर येतोच. रात्री साडेबाराला पनीर आणि गुलाबजाम, पुन्हा साडेतीनला जेवण, हे साठीच्या पुढच्या पोटाला झेपत नाही. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील तर घरचा डबा शंभर टक्के बरा, कारण तो काउंटर उघडायची वाट बघतानाही, नऊलासुद्धा, उघडता येतो. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या सिक्युरिटीत अडत नाहीत. दही, आमटी, ओली चटणी मात्र 100 मिलिलिटरच्या नियमात अडकते. म्हणून चटणी दशमीलाच लावून गुंडाळी करायची. पाण्याची बाटली रिकामी न्यायची आणि आत भरायची. उरलेलं विमानातच संपवा, कारण अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात.

पैशांची बाजू वाटते तेवढी सरळ नाही. लाउंजच्या दाराशी यंत्रावर दोन रुपये कापून आत सोडणारी कार्डं आहेत, पण त्यातल्या पुष्कळ कार्डांवरच्या फुकट भेटी देशांतर्गत लाउंजपुरत्याच असतात. आंतरराष्ट्रीय भागात त्या चालत नाहीत. हल्ली अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अटही घातली आहे. प्रायॉरिटी पास, म्हणजे जगभरच्या अनेक लाउंजमध्ये चालणारं सदस्यत्वाचं कार्ड, असला तरी बँकेने दिलेला पास भारतातल्या लाउंजमध्ये वापरला की काही कार्डांवर शुल्क लागतं, आणि सोबतच्या माणसाचं वेगळं. अनेक कार्डांवर हा आकार माणशी 27 डॉलर अधिक जीएसटी असा आहे, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. आई-वडिलांना आपल्या कार्डावर आत नेणाऱ्यांना हा धक्का पुढच्या महिन्याच्या बिलात बसतो. निघायच्या आधी बँकेला फोन करून तीनच गोष्टी विचारा: मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लाउंजमध्ये चालतं का, परदेशात चालतं का, सोबतच्या माणसाचे किती.

तरीही लाउंज घ्यावं अशी माणसं आहेत. एकटे असाल, दिवसभर ऑफिस करून तसेच आला असाल, चेक-इन ऑनलाइन झालंय आणि फक्त हातातली बॅग आहे, तर दहाच्या आत तुम्ही सिक्युरिटीपलीकडे असू शकता. त्या वेळी मध्यरात्रीची झुंबड सुरू झालेली नसते. विमान तीन तास उशिरा आहे असं कळलं, तर रांग असली तरी थांबा. लहान मूल सोबत असेल तर मी गेटजवळची मोकळी जागाच निवडेन, तिथे त्याला पळता तरी येतं.

या वर्षी आम्ही मुंबईत गेटसमोर बसलो, डबा खाल्ला, आई तासभर डुलकी काढून उठली. लाउंज दोह्याला वापरलं. तिथे पुढच्या विमानाला पाच तास होते आणि पहिले दोन तास टर्मिनलमध्येच काढले, कारण तिथलं लाउंज विमान सुटायला तीन तास उरल्यावरच आत घेत होतं. गर्दी तिथेही होती, पण शॉवरसाठी नाव नोंदवल्यावर वीस मिनिटांत नंबर आला. आईने गरम पाण्याने अंघोळ केली, कपडे बदलले, साधा दहीभात खाल्ला आणि पुढच्या चौदा तासांच्या विमानात चढताना माझा हात धरला नाही.